बडोद्यात घरी मोठी रीफ टाकी: सम्प, पाइप आणि आवाज

ओटला | ९ मार्च, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मांजलपूरला आमचं टेनामेंट आहे, तळमजला आणि वर एक मजला. गेली नऊ वर्षं गोड्या पाण्याची टाकी सांभाळतोय, सध्या चार फुटी आहे, त्यात एंजल आणि टेट्रा मासे. आता रीफकडे, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या मासे-प्रवाळांच्या टाकीकडे, वळायचं ठरवलंय, आणि एकदाच काय ते मोठं. टाकी ६ फूट लांब, अडीच फूट रुंद, २ फूट उंच. ढोबळ ८५० लिटर. खाली कॅबिनेटमध्ये ४ फुटी सम्प, म्हणजे वरच्या टाकीतलं पाणी जिथे उतरतं आणि जिथून पंपाने परत वर जातं ती दुसरी टाकी.

जागा हॉलची उत्तरेची भिंत. तिच्या पलीकडे देवघर. आई पहाटे पाचला जपाला बसते आणि तिची एकच अट आहे: "मासे आण, शेवाळ आण, काय हवं ते आण, पण पहाटे मला नळ गळल्यासारखा आवाज ऐकू यायला नको."

म्हणून माझा मुख्य प्रश्न पाइपांचा. टाकीतून सम्पमध्ये पाणी उतरवायला दोन पाइपांची हर्बी पद्धत घ्यावी की तीन पाइपांची बीन अ‍ॅनिमल? काच १२ मिलिमीटर पुरेल की १५? आमचे नेहमीचे प्लंबर म्हणतात जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) लाइनला वापरतो तोच पितळी गेट व्हॉल्व लावून देतो, ५०० रुपयांत काम होईल. आणि सम्प नेमका केवढा? कागदावर चित्र काढलंय, पण पाणी चालू करायच्या आधी अनुभवी लोकांच्या नजरेखालून जाऊ दे असं वाटलं. स्पष्ट बोला, मला त्याचाच उपयोग आहे.

खारेपाणी | ९ मार्च, रात्री ११:४०

अकोट्याला राहतो. अकरा वर्षं रीफ आहे, आधी साडेतीन फुटी होती, आता पाच फुटी.

तुम्ही पाणी चालू असताना कसं वाहील याचं चित्र काढलंय. आता लाइट गेली असं धरून दुसरं चित्र काढा. मोठ्या टाकीचं प्लंबिंग खरं त्या दुसऱ्या चित्रावर ठरतं.

हिशोब सांगतो. तुमच्या टाकीचा आतला पृष्ठभाग १८० गुणिले ७३ सेंटिमीटर धरा. पातळी एक सेंटिमीटर उतरली की १३ लिटर पाणी खाली येणार. सम्प आतून ११८ गुणिले ४८ धरला तर तिथे सेंटिमीटरला साडेपाच-पावणेसहा लिटर. म्हणजे वर एक उतरलं की खाली सव्वादोन चढणार. आता रिटर्नचं, म्हणजे पंपाचं पाणी वर परत सोडणाऱ्या पाइपाचं, तोंड पाण्याखाली पाच सेंटिमीटर असेल, तर पंप थांबताच तोच पाइप उलटा सायफन होतो आणि तोंडाला हवा लागेपर्यंत ओढत राहतो. ६५ लिटर गेले. ओव्हरफ्लो पेटीतलं (टाकीच्या काठाशी पाणी जिथून उतरतं ती पेटी) आणि पाइपांतलं पंधराएक लिटर धरा. ८० लिटर मावायला सम्पमध्ये चौदा सेंटिमीटर उंची कायम रिकामी हवी. तेच तोंड दोन सेंटिमीटरवर आणलंत तर सगळं चाळीस-एक लिटरवर येतं, सात-साडेसात सेंटिमीटरमध्ये भागतं.

यावर सगळे तुम्हाला एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारी झडप, लावायला सांगतील. लावा हवं तर, पण हिशोब करताना तो नाहीच असं धरा. माझ्या जुन्या टाकीत एनआरव्हीच्या झडपेत मिरीएवढी गोगलगाय अडकली होती. रात्री दोनला लाइट गेली, झडप पूर्ण मिटलीच नाही. पाणी प्यायला उठलो तेव्हा पावलं ओली झाली. सम्प भरून, कॅबिनेट भरून पाणी पॅसेजपर्यंत आलेलं. त्या दिवसापासून रिटर्नचं तोंड पृष्ठभागाजवळ असतं आणि लाइट घालवून बघण्याची परीक्षा मी दर महिन्याला घेतो.

पोहेप्रेमी | १० मार्च, सकाळी ८:०५

शीर्षकात "सम्प" वाचून वाटलं बडोद्यात कामगार रस्त्यावर आले! इंदूरहून वाचतोय, पोह्यांची बशी घेऊन बसलो आहे. चालू द्या.

भारवाही | १० मार्च, सकाळी ९:३०

स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. तळमजला हे वाचून जीव भांड्यात पडला.

पाणी ८५० किलो, १५ मिलिमीटरची काच १७० किलो, दगड-वाळू शंभर-सव्वाशे, सम्प आणि लोखंडी स्टँड मिळून अडीचशे. चौदाशे किलोच्या आसपास वजन, आणि ते जेमतेम १.४ चौरस मीटरवर. म्हणजे चौरस मीटरला हजार किलो. राहत्या घराच्या मजल्यासाठी आपल्याकडे आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला २०० किलोचा भार धरून डिझाइन करतात. वरच्या मजल्यावर ठेवायची असती तर बीम कुठून जातोय ते बघितल्याशिवाय मी हो म्हटलंच नसतं.

पण तळमजला म्हणून निर्धास्तही राहू नका. बडोद्याच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. जुन्या टेनामेंटमध्ये प्लिंथच्या आतला भराव नीट दाबलेला नसतो आणि फरशीखाली पोकळी असते. एक काम करा, त्या जागेवर रुपयाच्या नाण्याने फरशी ठोकत जा. कुठे ठक् आणि कुठे ढब् येतं ते खडूने खुणा करत चला. ढब् जास्त असेल तर तेवढ्या भागाच्या फरश्या काढून १० सेंटिमीटर जाडीचा सळई घातलेला काँक्रीटचा थर टाका आणि २१ दिवस पाणी मारा. टाकी आणि स्टँडच्या मध्ये थर्माकोलची शीट विसरू नका, एखादा खडा जरी काचेखाली राहिला तरी तिथे सगळा ताण येतो.

काच १५ घ्या. १२ मध्ये वरून कडेने काचेच्या पट्ट्या लावून भागवणारे आहेत, पण ६ फूट लांबीला समोरची काच फुगते आणि ती रोज डोळ्यांना दिसते.

वाडीवाला | १० मार्च, दुपारी १:१५

मी मकरपुरा जीआयडीसीत पाइप-फिटिंगच्या कामात २८ वर्षं काढली. आता निवृत्त. मासे पाळलेले नाहीत, पण पाइपांबद्दल बोलायचा हक्क आहे असं समजतो.

ओटलाराव, तो पितळी व्हॉल्व प्लंबरला परत द्या. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात ते सुटणार, आणि तुमच्या शंख-झिंग्यांना तांबं म्हणजे विष असं माझा भाचा सांगतो. प्लास्टिकच्या फिटिंगमध्येही सांभाळा. सीपीव्हीसीचा जो एमटीए-एफटीए, म्हणजे आट्यांचा जोड, मिळतो त्यात पुष्कळदा आट्यांना आतून पितळेची इन्सर्ट असते. बाहेरून पिवळसर प्लास्टिक दिसतं, घेताना तोंडात बोट घालून बघा.

आता दुसरी अडचण, जी दुकानात कोणी सांगत नाही. आपल्याकडे एकाच काउंटरवर तीन मापांचे पाइप मिळतात. शेतीचा पीव्हीसी मिलिमीटरमध्ये, ३२ म्हणजे बाहेरून ३२. घरगुती यूपीव्हीसी इंचात, १ इंच म्हणजे बाहेरून ३३.४. आणि सीपीव्हीसी तिसरंच, त्याचा १ इंच बाहेरून २८.६. दुकानदार म्हणणार "बेन, भाई, चालशे." ३२ चा पाइप १ इंचाच्या सॉकेटमध्ये जातो हो, पण खुळखुळतो. ती फट सोल्युशनने भरून काढतात, आणि तो जॉइंट पहिल्याच वर्षी पाझरतो. बाहेरून मागवलेली बल्कहेड (काचेच्या भोकात बसवायचे जोड) बहुतेक मिलिमीटरमध्ये येतात. कॅलिपर घेऊन दुकानात जा. ठरवा एक माप, आणि पहिल्या टँक निपलपासून शेवटच्या एल्बोपर्यंत तेच ठेवा.

ओटला | १० मार्च, रात्री ९:५०

काका, डोळे उघडलेत. आजच घरातलं एक "१ इंची" एल्बो मोजलं. सीपीव्हीसी निघालं. यूपीव्हीसीच घेणार.

भारवाही, नाण्याने ठोकून बघितलं. सहा फुटांतले चार फूट ढब्.

नीलाक्षी | १० मार्च, रात्री १०:३०

खारेपाणी यांच्या "लाइट गेली" या मुद्द्याला माझ्याकडून शंभर वेळा अनुमोदन, पण तुम्ही तासाभराचा विचार करताय. मी अडीच दिवसांचं सांगते.

आम्ही समा भागात पहिल्या मजल्यावर राहतो. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री चढली तेव्हा आमच्या गल्लीत कमरेइतकं पाणी होतं. खाली कोणी उतरत नव्हतं, कारण पाण्याबरोबर मगर येते हे इथे शाळकरी पोरांनाही माहीत आहे. लाइट पहिल्या दिवशी दुपारीच गेली. चार फुटी रीफ होती माझी. इन्व्हर्टर रात्री दहापर्यंत चालला.

टाकीत आधी संपतो तो प्राणवायू. तापमान, मीठ, सगळं नंतर. पाणी हललं नाही की पृष्ठभागावर तवंग धरतो आणि मोठे, सतत पोहणारे मासे वर येऊन तोंड उघडतात. माझ्याकडे बॅटरीवरचा एकच हवेचा पंप होता. तो पहाटे बंद पडला. मग मी आणि माझी मुलगी, दर अर्ध्या तासाला तांब्याने पाणी उचलून हातभर उंचीवरून परत सोडायचो, पन्नास-पन्नास वेळा. मेणबत्तीत तिने वहीच्या पानावर रेघा मारून वेळा लिहिल्या होत्या, ते पान अजून आहे. माझा पिवळा टँग मासा दुसऱ्या रात्री गेला. त्याच्या अंगावरचा पिवळा रंग आधी फिका होत गेला, मग तो दगडाला टेकून राहिला. दोन्ही क्लाउनफिश वाचले, सगळे झोआ (प्रवाळासारखे मऊ जीव) वाचले.

तेव्हा ओटला, पाइप आखताना त्याच कागदावर हेही आखा: कोणता एक पंप बॅटरीवर चालणार. सगळं इन्व्हर्टरवर टाकू नका. २४ व्होल्टचा डीसी वेव्हमेकर (टाकीत पाणी हलवणारा पंप) घ्या, तो थेट बॅटरीवर पंधरा वॅटवर रात्रभर फिरतो. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र), दिवे, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद राहिले तरी चालतात.

वाडीवाला | १० मार्च, रात्री १०:५५

नीलाक्षीताई, वाचून पोटात कालवलं. तेवढं सांगा, तांब्या स्टीलचा होता ना?

नीलाक्षी | १० मार्च, रात्री ११:०२

हो काका, स्टीलचाच! आईंनी पूजेचा तांब्याचा पुढे केला होता, तो मुलीने थांबवला.

तिसरा_पाइप | ११ मार्च, सकाळी ७:२०

मूळ प्रश्नावर येतो. बीन अ‍ॅनिमल. दुसरा विचारच नको.

हर्बीत पहिला पाइप पूर्ण पाण्याने भरून सायफनवर चालतो, व्हॉल्वने आवळून पातळी स्थिर करायची, दुसरा पाइप कोरडा, संकटासाठी. चालतं तोवर अगदी गप्प. पण सायफनचा स्वभाव असा की व्हॉल्वपाशी शेवाळाचा एक धागा अडकला तरी प्रवाह बदलतो, पातळी हळूहळू चढते आणि पहाटे तीनला दुसऱ्या पाइपात पाणी कोसळायला लागतं. तिसरा पाइप असेल तर मधला, अर्धा हवा-अर्धा पाणी असा, थोडं पाणी सतत घेत असतो आणि ही वरखाली तोच गिळतो. आवाज न करता. आईसाहेबांची पाचची वेळ बघता मला तरी हेच योग्य वाटतं.

खारेपाणी | ११ मार्च, सकाळी ८:४५

तिसरा_पाइप, माझी हर्बी सात वर्षं गप्प आहे. महिन्यातून एकदा व्हॉल्व पूर्ण उघडून बंद करतो, कचरा निघून जातो. दोन भोकं म्हणजे गळायच्या दोन जागा, तीन म्हणजे तीन.

हर्बीबद्दल एक सांगायचं राहतं नेहमी. सायफनच्या पाइपाचं खालचं टोक सम्पच्या पाण्यात दोन-तीन सेंटिमीटरच बुडवा. खोल बुडवलं तर लाइट परत आल्यावर पाइपातली हवा बाहेर पडू शकत नाही, सायफन सुरूच होत नाही, आणि सगळा भार संकटाच्या पाइपावर जातो.

तिसरा_पाइप | ११ मार्च, सकाळी ९:१०

तुम्ही महिन्यातून एकदा व्हॉल्व हलवता, खारेपाणी. दहातले नऊ जण हलवत नाहीत. आणि खोल टोकाचा मुद्दा बीन अ‍ॅनिमललाही तितकाच लागू. फक्त तिथे पाणी चढून मधल्या पाइपाच्या हवेच्या नळीचं तोंड बुडलं की तोही सायफन धरतो, सगळा प्रवाह खेचतो आणि व्यवस्था आपोआप मार्गावर येते. घरात कोणी नसताना मला हे हवं आहे.

संकटाच्या पाइपावर मात्र दोन्ही पद्धतींत एक नियम: त्याला व्हॉल्व नाही. कधीच नाही. आणि तो एकट्याने पंपाचं सगळं पाणी घेऊ शकेल एवढा जाड हवा. दीड इंच ठेवा तिन्ही.

खारेपाणी | ११ मार्च, सकाळी ९:३२

व्हॉल्व नाही, याला पूर्ण अनुमोदन. आणि घरात कोणी नसताना हा मुद्दाही मान्य, मी फारसा गावाला जात नाही म्हणून माझं निभावतं.

सायफनवर गेट व्हॉल्वच लावा, पण प्लास्टिकचा. महाग आहे, बाहेरून मागवावा लागतो, तरी लावा. बॉल व्हॉल्व पाव फेऱ्यात उघडतो-मिटतो, त्यात केसभर फरक करता येत नाही.

घरधनीण | ११ मार्च, दुपारी ३:००

मी दुसऱ्या बाजूने बोलते. माझ्या यजमानांची पाच फुटी आहे. तुम्ही सगळे पाइपांवर रंगून बोलताय, विजेचं कोणी बोललं नाही. चिलर अर्धा हॉर्सपॉवर, मे महिन्यात दिवसाला दहा तास चालतो. पंप आणि वेव्हमेकर चोवीस तास. दिवे नऊ तास. आमच्याकडे उन्हाळ्यात टाकी एकटी दिवसाला दहा-अकरा युनिट खाते. ओटला यांची तर आणखी मोठी. चार फुटी केली तर? मासे तेवढेच आनंदात राहतील, मीठ अर्धं, वीज अर्धी, आणि सणाला गावी जाताना मन मागे राहत नाही.

ओटला | ११ मार्च, रात्री ८:३०

ताई, तुमचं पटतंय आणि तरीही सहा फुटीच करणार आहे. मला टँग ठेवायचे आहेत आणि चार फुटांत त्यांना पोहायला जागा होत नाही. पण चिलरचा विचार मी केलाच नव्हता, कॅबिनेटमध्येच ठेवणार होतो.

घरधनीण | ११ मार्च, रात्री ८:५५

अजिबात नको! तो पाण्यातली उष्णता काढून बाहेरच फेकतो ना. बंद कॅबिनेटमध्ये ठेवला की स्वतःच तापवलेल्या हवेशी भांडत बसतो. आमचा पहिल्या वर्षी तसाच होता, पाणी ३० च्या खाली यायचं नाही. आता मागच्या ओट्यावर आहे, सावलीत, भिंतीतून दोन पाइप काढलेत. २६ वर राहतं. ते पाइप बाहेर उन्हात राहिले तर त्यांना फोम गुंडाळा.

पंखे लावून भागवायचं असेल तर मार्चपर्यंत चालेल. पंख्याने पाणी उडतं, मीठ मागे राहतं, खारटपणा चढतो. रोज दहा-पंधरा लिटर गोडं पाणी घालायला आपोआप भरणारी यंत्रणा लागेलच.

सागरतळ | ११ मार्च, रात्री ११:१५

एमएस युनिव्हर्सिटीतून प्राणिशास्त्र केलंय, सध्या जामनगरला असते. पाइपांतलं कळत नाही. पण टाकीत काय ठेवणार हे आधी ठरवा, कारण आपल्याकडे त्याला कायदा आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये रीफ बांधणारे सगळे दगडी प्रवाळ घातले गेले. काळे प्रवाळ, नळीसारखे लाल प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखेही. समुद्रघोडेही त्याच अनुसूचीत. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच. मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही त्यात येतो. "लाइव्ह रॉक" म्हणून समुद्रातून काढलेले दगड विकतात ते बहुधा जुने प्रवाळच असतात, ते घेऊ नका. सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे बनवलेले दगड घ्या. सिमेंटचे असतील तर महिनाभर पाण्यात मुरवा, नाहीतर पीएच चढतो. त्यांच्यावरही जिवाणू बसतात, फक्त थोडा वेळ द्यावा लागतो. बाकी लेदर, मशरूम, झोआ अशा मऊ प्रवाळ-प्रकारांचा विचार करत असाल तरी घेण्याआधी वनखात्यात विचारून घ्या आणि पावती जपा. क्लाउनफिश मात्र हॅचरीत जन्मलेले मिळतात, तमिळनाडूत मंडपमच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्राने त्यांची पैदास इथेच करून दाखवली आहे. तेच घ्या, ते टाकीत रुळतातही लवकर.

आणि एकदा जामनगरजवळ नराऱ्याला या. १९८२ पासून कच्छच्या आखातात सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. ओहोटीच्या वेळा बघून निघायचं, घोट्याइतक्या पाण्यातून चालत जायचं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एका खळग्यात ऑक्टोपस होता, माझ्या सावलीबरोबर त्याचा रंग बदलला. दगडी प्रवाळ तिथेच बघावेत, त्यांच्या घरी.

पोहेप्रेमी | ११ मार्च, रात्री ११:४०

हा प्रतिसाद वाचनखुणांत टाकला. नराऱ्याला सगळ्यांनी भेटायचा कट्टा करू या का? सेव-उसळ बडोदेकरांनी आणायची, पोहे माझ्याकडे.

भारवाही | १२ मार्च, सकाळी ९:००

कट्ट्याला मी आहे. पण त्याआधी: भोकं काच टफन (तापवून कडक) करायच्या आधी पाडतात. टफन झालेल्या काचेला ड्रिल लावलं की तिचा चुरा होतो. साधी काच घेत असाल तर हिऱ्याचं होल-सॉ, कमी वेग, सतत पाणी, आणि भोक काठापासून निदान त्याच्या व्यासाइतकं आत.

मातीचा_माठ | १२ मार्च, सकाळी ११:२५

एक बाळबोध प्रश्न. समुद्र इथून एवढा जवळ असताना पाणी तिथूनच का नाही आणत?

खारेपाणी | १२ मार्च, दुपारी १२:१०

बाळबोध नाही, मीही सुरुवातीला एकदा कॅन भरून आणले होते. आपल्याला जवळचा समुद्र म्हणजे खंभातचं आखात. मही, साबरमती, नर्मदा सगळ्या त्यात गाळ आणतात आणि तिथली भरती-ओहोटी जबरदस्त, तो गाळ खाली बसतच नाही. कॅनमध्ये चार दिवस ठेवलं तर तळाला बोटभर चिखल बसला. खारटपणाही नदीच्या पाण्याप्रमाणे बदलतो.

त्यापेक्षा आरओचं पाणी आणि रीफचं मीठ. लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम, घनता १.०२५-२६. ओटला यांना पहिल्या भरणीला ३० किलोहून जास्त लागेल. घरातला पिण्याचा आरओ त्याला चालत नाही, त्यात चवीसाठी टीडीएस (विरघळलेले क्षार) मुद्दाम वाढवलेला असतो. आजवा तलावाचं येवो की मही नदीचं, नळाच्या पाण्याला आधी कार्बन, मग आरओ, मग डीआय (उरलेले क्षार रेझिनने काढणं), आणि टीडीएस मीटरवर शून्य. बोअरच्या पाण्यावर डीआयची रेझिन फार लवकर संपते. आरओचं फेकलेलं पाणी बागेला घाला, मीठ घालण्याआधीचं आहे ते.

तिसरा_पाइप | १२ मार्च, दुपारी १:००

विजेच्या पॉइंटबद्दल एक, मग मी गप्प. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) टाकीच्या लाइनवर वेगळा. प्रत्येक वायर प्लगपाशी जाण्याआधी खाली झोका घेऊन वर गेली पाहिजे, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोक्यातून खाली पडतं. सॉकेट सम्पच्या वर नको, बाजूच्या भिंतीवर.

ओटला | २९ जून, सकाळी ६:१०

मंडळी, साडेतीन महिन्यांनी येतोय.

चार फूट फरश्या काढल्या. खाली भराव दोन-अडीच इंच खचलेला होता, हात आत जात होता. काँक्रीट टाकलं, २१ दिवस पाणी मारलं. काच १५ मिलिमीटर, तीन भोकं, दीड इंच यूपीव्हीसी, पहिल्यापासून शेवटपर्यंत इंचातलंच. पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन (उघडून सुटे करता येणारे जोड). काटकोनी एल्बोऐवजी जमेल तिथे ४५ चे दोन. चिलर मागच्या ओट्यावर. सम्प थोडा उंच करून ४५ सेंटिमीटर, चालू असताना पाणी २५ वर.

परवा साधं पाणी भरून परीक्षा घेतली. पहिली गळती मधल्या बल्कहेडला, थेंब-थेंब. मिस्त्रीने रबरी वॉशर नटच्या बाजूला घातला होता. काढून काचेच्या आतल्या बाजूला, कॉलरखाली घातला, हाताने आवळला, वर पाव फेरा. कोरडं.

मग मेन स्विच पाडला. खारेपाणी, तुमचा हिशोब घेऊन सम्पच्या काचेवर मार्करने रेघ मारून ठेवली होती, ३२ वर. मी आणि मुलगा टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसलो. पाणी २८, २९, ३० वर आलं तोवर मुलगा माझा हात धरून होता. ३१ आणि थोडं, तिथे थांबलं. रिटर्नच्या तोंडातून बुडबुड असा शेवटचा आवाज आला आणि सगळं शांत. दहा वेळा पाडला-उचलला. दहाही वेळा तिथेच थांबलं, आणि दर वेळी मिनिटाभरात सायफन धरला.

काल रात्रभर चालू ठेवलं. आज पहाटे आई जप उरकून बाहेर आली आणि म्हणाली, "अरे, आज सुरू करणार होतास ना? पाणी कुठे अडलं?"

घरधनीण | २९ जून, सकाळी ७:४५

वा! आईंना नमस्कार सांगा. आणि टँग आणाल तेव्हा प्रकाशचित्रं टाका.

नीलाक्षी | २९ जून, सकाळी ८:२०

रात्रभर चालू ठेवलं हे छान. बॅटरीवरचा पंप घेतला का? पाऊस तोंडावर आहे.

ओटला | २९ जून, सकाळी ८:३५

घेतला ताई. वेव्हमेकर २४ व्होल्टचा, दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. काल तोही बघितला, सव्वाअकरा तास चालला. आणि स्टीलचा तांब्या कॅबिनेटमध्ये खिळ्याला अडकवून ठेवलाय.

वाडीवाला | २९ जून, सकाळी ९:१०

वॉशरचं ऐकून बरं वाटलं, तिथे निम्मे लोक चुकतात. आठवड्याने सगळे नट एकदा हाताने चाचपून बघा, रबर बसलं की किंचित सैल होतात. पान्हा लावू नका.

खारेपाणी | २९ जून, सकाळी ९:४०

३२ ची ती रेघ पुसू नका, त्यावर पारदर्शक टेप लावा. हे पाणी सगळं काढून टाकी पुसून घ्या, मग शून्य टीडीएसचं भरा आणि पंप चालू ठेवून मीठ थोडं थोडं सम्पमध्ये घाला. दगड, वाळू, जिवाणूची बाटली, आणि पुढे अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य होईपर्यंत चार-सहा आठवडे एकही मासा नाही. मीठ आणायला रविवारी निघणार असाल तर मला अकोट्यावरून घ्या, माझंही संपलंय.